खाज थांबली म्हणून ट्यूब थांबवू नका

दुपारी दीड-दोनला उन्हानं रस्ता ओस पडला की औषधाच्या दुकानात एक ठरावीक गिऱ्हाईक येतं. आधी बाहेर घुटमळतं. काउंटरपाशी कुणी बाई उभ्या असतील तर त्या जाईपर्यंत मोबाइल बघत थांबतं. मग खिशातून एक ट्यूब काढतं, तळापासून गुंडाळत आणलेली, कात्रीनं पोट फाडून आतलं पुसून घेतलेली. आणि हळूच म्हणतं, "अण्णा, हीच द्या. ह्यानंच आराम पडतो बघा."

"किती दिवस लावताय?"

"आठ महिने झाले असतील. लावलं की दोन दिवसात खाज बंद. सोडलं की पुन्हा."

सोलापुरात काउंटरच्या आत उभं राहून मला वीस वर्षं झाली. पॉवरलूमवर बारा-बारा तास उभे राहणारे कामगार, मांडी घालून दिवसभर विड्या वळणाऱ्या मावश्या, उसाला पाणी देऊन आलेले शेतकरी आणि घट्ट जीन्स घालून कॉलेजला जाणारी पोरं, सगळ्यांचं दुखणं एक, कातडीवरची बुरशी, आणि चूकही एकच. सगळे खाजेवरून हिशोब करतात. खाज आली की लावायचं, गेली की सोडायचं. बुरशीला खाजेशी काही देणंघेणं नसतं. ती कातडीच्या वरच्या मेलेल्या थरात, केराटिनवर जगते आणि खाज थांबल्यावरही तिथंच मुक्कामाला असते. पुढं जे सांगतोय ते सगळं या एका गोष्टीभोवतीच फिरतं.

ही बुरशीच आहे ना, ते आधी बघा

गजकर्ण किंवा नायटा ओळखायला तसा सोपा. गोलसर चट्टा असतो, कड थोडी उचललेली आणि लालसर, कडेवर बारीक कोंडा, आणि मधला भाग त्या मानानं निवळलेला. घाम आला की खाज वाढते. जागाही ठरलेल्या आहेत: जांघा, कुल्हे, काखा, स्तनांखालची घडी, पोटाची घडी. बायकांमध्ये परकराची नाडी जिथं आवळली जाते तो कंबरेचा पट्टा, आणि पुरुषांमध्ये करदोरा जिथं घासतो तो.

पायाच्या बोटांच्या बेचक्यात, विशेषतः करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटामध्ये, कातडी पांढरी पडून भिजल्यासारखी सुटायला लागली तर त्या चिखल्या. छाती-पाठ-मानेवर फिकट किंवा तपकिरी ठिपके आले, खाज फारशी नाही, नखानं हलकंसं खरवडलं की पिठासारखा कोंडा सुटतो, तर ती शिबं. ही बुरशी वेगळी, मॅलॅसेझिया नावाची. ती प्रत्येकाच्या अंगावर थोडीफार असतेच, घामाच्या दिवसांत फक्त माजते. शिबं कुणाकडून लागत नाहीत, त्यामुळे घरात त्यावरून कुणाला बोल लावू नये.

आता बुरशी नसतानाही बुरशीसारखं दिसणारं काय काय असतं ते सांगतो, कारण चुकीच्या चट्ट्यावर चुकीची ट्यूब महिनोन्महिने लावणारे मी पुष्कळ पाहिलेत. इसब असतं, सोरायसिस असतो, डिटर्जंटची किंवा चपलेच्या रबराची ॲलर्जी असते. आणि एक गोष्ट कधीही अंगावर काढू नये: फिकट किंवा लालसर चट्टा, ज्याला खाजच नाही, घाम येत नाही आणि टाचणीच्या टोकाचा किंवा कापसाचा स्पर्श कळत नाही. असा बधिर चट्टा दिसला तर मलमाच्या नादी न लागता थेट सरकारी दवाखाना गाठायचा. कुष्ठरोगाची तपासणी आणि औषधं तिथं मोफत मिळतात, आणि वेळेत गेलं तर हाता-पायांच्या नसांचं नुकसान टळतं.

शंका असेल तर एक साधी तपासणी आहे. चट्ट्याच्या कडेवरचा कोंडा खरवडून काचेवर घेतात, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे बघतात. डॉक्टर त्याला केओएच म्हणतात. आपल्या सिव्हिलला, म्हणजे डॉ. वैशंपायन महाविद्यालयाच्या रुग्णालयात, त्वचारोगाची ओपीडी आहे, तिथं विचारा. मात्र तपासणीला जाण्याआधी मलम लावून बसू नका. मलमामुळे कोंड्यात धागे सापडले नाहीत तर बुरशी असूनही तपासणी उगाच कोरी येते. किती दिवस आधी बंद करायचं ते ओपीडीतच विचारून घ्या.

ट्यूब उलटी करून वाचा

खोक्याच्या पुढच्या बाजूचं मोठं नाव विसरा. मागच्या बाजूला बारीक अक्षरात जे लिहिलेलं असतं ते खरं. अक्षर लागत नसेल तर मोबाइलनं फोटो काढून मोठं करून बघा, किंवा नातवाला वाचायला सांगा.

बुरशीचं औषध असेल तर यांपैकी एक नाव दिसेल: क्लोट्रिमॅझोल 1 टक्का, मायकोनॅझोल 2 टक्के, किटोकोनॅझोल 2 टक्के, ल्युलिकोनॅझोल 1 टक्का, सर्टाकोनॅझोल 2 टक्के, टर्बिनाफिन 1 टक्का. बुरशीच्या पेशीचं आवरण अर्गोस्टेरॉल नावाच्या द्रव्यावर उभं असतं. ही सगळी औषधं ते द्रव्य तयार होण्याच्या साखळीत कुठंतरी आडकाठी घालतात. टर्बिनाफिन आधीच्या टप्प्यावर, 'अॅझोल' शेवटाची औषधं पुढच्या. आपल्या पेशींत अर्गोस्टेरॉल नसतं, म्हणून ती आपल्याला फारशी बाधत नाहीत.

यातलं भारी कोणतं, हा प्रश्न रोज येतो. माझं उत्तर असं, की जे रोज न चुकता आणि पुरेशा दिवसांसाठी लावणं तुम्हाला परवडतं ते. क्लोट्रिमॅझोल जुनं आहे म्हणून हलकं समजू नका. जनऔषधी केंद्रात ते स्वस्तात मिळतं. ल्युलिकोनॅझोल दिवसातून एकदाच लावायचं असतं, त्यामुळे पाळीच्या कामगारांना ते सोयीचं पडतं. टर्बिनाफिनबद्दल मात्र एक सांगायला हवं. गजकर्ण करणारी एक हट्टी बुरशी गेल्या काही वर्षांत भारतभर पसरली आहे. 2020 साली जपानी संशोधकांनी तिला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं नावच दिलं. तिच्यातल्या पुष्कळशा जातींवर टर्बिनाफिन पूर्वीसारखं चालत नाही. म्हणून "मागच्या वेळी ह्यानं गेलं होतं" हा पुरावा आता तितकासा खरा धरता येत नाही.

आता त्या दुपारच्या गिऱ्हाइकाची ट्यूब. ती उलटी केली की क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन किंवा मोमेटासोन यांपैकी एखादं नाव हमखास निघतं. ही स्टेरॉइडं. सोबत एखादं अँटिबायोटिक आणि एखादं बुरशीचं औषध, असं तीन-चार औषधांचं कडबोळं एकाच ट्यूबमध्ये असतं. स्टेरॉइड काय करतं? सूज आणि खाज दाबतं. दोन दिवसांत लाली उतरते, माणूस खूश होतो. पण सूज ही शरीराची बुरशीशी चाललेली मारामारी असते. ती मारामारीच थांबवली की बुरशीला रान मोकळं. चट्टा पसरतो, त्याची कड पुसट होते, वर्तुळात वर्तुळं उमटतात, आणि मग डॉक्टरलाही पटकन ओळखू येत नाही. जांघेतली कातडी पातळ होऊन तिथं बाळंतपणानंतर पोटावर उठतात तशा रेषा येतात. त्या रेषा पुन्हा जात नाहीत. वीस-बावीस वर्षांच्या पोरांच्या मांड्यांवर मी त्या पाहिल्यात.

2018 साली केंद्र सरकारनं अशी स्टेरॉइडची मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. तरी ती विकली जातात, आणि यात आमच्या धंद्यातल्यांचा दोष आहे हे मी लपवत नाही. गिऱ्हाईक दोन दिवसांत खूश होऊन परत येतं, हा मोह मोठा असतो. डॉक्टरांनी बघून, ठरावीक दिवसांसाठी लिहून दिलं असेल तर गोष्ट वेगळी. पण शेजारच्याला लागू पडलं म्हणून आणलेली ट्यूब मांडीत लावायची नाही.

आधीच कित्येक महिने अशी ट्यूब लावत असाल तर ती सोडल्यावर चट्टा एकदम भडकेल, आग होईल, पूर्वीपेक्षा जास्त खाजवेल. घाबरून पुन्हा तीच लावू नका. त्वचारोग डॉक्टरकडे जाताना मात्र ती ट्यूब, नाहीतर तिचा फोटो, सोबत न्या. "एक पांढरं मलम होतं" एवढ्यावरून कुणालाच काही कळत नाही.

लावायचं कसं

वेळ सगळ्यात चांगली आंघोळीनंतरची. साध्या साबणानं धुवा. घासणी, दगड, डेटॉलचं कडक पाणी यातलं काही नको. सोललेल्या कातडीवर बुरशी जास्त सहज चढते. मग कोरडं करा, आणि इथंच बहुतेकजण घाई करतात. पुसल्यावर लगेच लावू नका. पाच-दहा मिनिटं पंख्याखाली बसा, जांघा आणि बोटांच्या बेचक्या मोकळ्या करून. ओलसर कातडीवर मलम म्हणजे ओल्या भिंतीवर रंग.

आता किती लावायचं. तर्जनीच्या शेवटच्या पेरावर, टोकापासून पहिल्या घडीपर्यंत, ट्यूब दाबून एक रेघ काढा. ही साधारण अर्धा ग्रॅम भरते. एवढं मलम मोठ्या माणसाच्या दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं, बोटांसकट तळहात. समजा दोन्ही जांघा आणि कंबरेचा पट्टा मिळून सहा तळहातांची जागा आहे. मग एका वेळेला तीन पेरं, म्हणजे दीड ग्रॅम. दिवसातून दोनदा लावलं तर तीन ग्रॅम. पंधरा ग्रॅमची ट्यूब पाच दिवसांत संपली पाहिजे! माझ्याकडून नेलेली पंधरा ग्रॅमची ट्यूब कुणी दोन महिन्यांनी अर्धी दाखवली, तर त्यांना औषध लागू पडलं नाही असं मी मानत नाही. त्यांनी ते लावलंच नाही. पैशाची अडचण असेल तर स्वस्त ट्यूब पुरेशी लावा, महागाची चाटून लावू नका.

लावताना बाहेरून आत या. चट्ट्याच्या कडेपलीकडे चांगल्या दिसणाऱ्या कातडीवर चोहोबाजूंनी 2 सेंटिमीटर जागा धरा, साधारण एका बोटाच्या रुंदीहून थोडी जास्त. बुरशीची जिवंत आघाडी कडेवर आणि कडेच्या पुढं असते. आपण लावतो ते मात्र नेमकं लाल दिसतं त्या मधल्या भागावर. पातळ थर, हलक्या हातानं जिरेपर्यंत. पांढरा लेप दिसत राहिला तर जास्त झालं. त्यावर पट्टी, प्लॅस्टिक, घट्ट चड्डी काही नको. लावून झालं की साबणानं हात धुवा, नाहीतर तेच बोट मानेला किंवा पोराच्या गालाला जातं.

पहिले एक-दोन दिवस किंचित चुरचुरलं तर चालतं. पण आग वाढत गेली, पाणीदार फोड आले, सूज आली, तर थांबवा. क्वचित मलमाचीच ॲलर्जी असते.

दोन ठिकाणी थोडा फरक पडतो. चिखल्यांमध्ये बोटं फाकवून, मधोमध, तळाशी लावा आणि दोन बोटांत कोरड्या सुती कापडाची छोटी घडी ठेवा. शिबं पसरलेली असतील तर अंगभर ट्यूब लावत बसण्यापेक्षा किटोकोनॅझोलचा शॅम्पू सोयीचा: अंगावर लावायचा, काही मिनिटं ठेवायचा, धुवायचा. किती दिवस ते डॉक्टर सांगतील. शिबं बरी झाल्यावरही फिके ठिपके दोन-तीन महिने तसेच राहतात, कारण रंग परतायला वेळ लागतो. कोंडा सुटत नसेल तर रोग गेलेला आहे. रंगासाठी औषध वाढवत नेऊ नका.

पोराच्या डोक्यात केस गळून गोल चट्टा पडला असेल तर मलमाचा उपयोग नाही. बुरशी केसाच्या मुळात असते, तिथवर मलम पोचत नाही. पोटातून औषध लागतं, आणि ते डॉक्टरच देणार.

लिंबू, लसूण, रुईचा चीक, रॉकेल, टूथपेस्ट यांनी भाजलेल्या जांघा मी पाहिल्या आहेत, म्हणून नाव घेऊन सांगतो. टाकळ्याला आयुर्वेदात दद्रुघ्न म्हणजे गजकर्ण घालवणारा म्हणतात, तो मान त्याला जरूर द्यावा. पण पाला वाटून जखमेवर बांधायच्या आधी वैद्याला विचारावं.

किती दिवस

दिसायचं बंद झाल्यावर आणखी किमान दोन आठवडे.

ही ओळ खोक्यावर पेननं लिहून देतो मी. कातडीचा थर खालून वर येऊन झडायला चार आठवड्यांच्या आसपास जातात. बुरशी त्या थरात मुरलेली असते, म्हणून तो थर नवा येईपर्यंत पहारा ठेवायचा. अंगावरच्या साध्या चट्ट्याला एकूण तीन-चार आठवडे, चिखल्यांना चार, आणि आताच्या हट्टी गजकर्णाला डॉक्टर सहा-सहा आठवडेही सांगतात. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दोन तारखा लिहा: लावायला सुरुवात केली ती, आणि चट्टा नाहीसा झाला ती. दुसरीत चौदा दिवस मिळवा. दिवाळी आली, गावाला गेलो, ट्यूब विसरली, हे सगळं मला माहीत आहे. एक वेळ चुकली तर पुढच्या वेळी नेहमीएवढंच लावा, दुप्पट नको.

आणि दोन आठवडे नीट लावूनही चट्टा जसाच्या तसा असेल किंवा पसरत असेल, तर तिसरी ट्यूब बदलून बघू नका. तिथून पुढं डॉक्टरचं काम.

टॉवेल, चादर आणि करदोरा

आपलं गाव टॉवेलांचं. सोलापुरी चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, अर्ध्या देशाला आपण टॉवेल पुरवतो. आणि घरात मात्र पाच जणांत दोन टॉवेल! टेरीच्या फाशांत पाणी धरलं जातं म्हणूनच तो अंग छान टिपतो, आणि त्याच फाशांत कातडीचा कोंडा अडकून बसतो. बुरशीचे बीजाणू त्या कोंड्यात कित्येक आठवडे टिकतात. तेव्हा उपचार चालू असेपर्यंत प्रत्येकाचा टॉवेल वेगळा, खुणेसाठी वेगळ्या रंगाचा. चट्टा पुसायला जाड टॉवेलऐवजी पातळ पंचा घ्या. तो रोज धुता येतो आणि तासाभरात वाळतो. चट्टा सगळ्यात शेवटी पुसायचा, म्हणजे तोच पंचा बाकी अंगावर फिरणार नाही.

"रोज धुवायचं म्हणे! नळाला पाणी चार दिवसाआड येतंय, ते काय दुकानदाराला माहीत नाही?" असं एका मावशीनं मला तोंडावर सुनावलं होतं. बरोबरच होतं त्यांचं. तेव्हापासून मी हिशोब बदलला. रोज सगळं धुणं नको. चड्डी, बनियन, परकराचा कंबरेचा भाग, मोजे आणि पंचा एवढंच, एका बादलीत, बाकीच्या कपड्यांपासून वेगळं. जमलं तर कढत पाणी. 60 अंशांच्या पाण्यात बुरशी टिकत नाही. कढत पाणी नसेल तर साबणानं धुऊन, उलटं करून, कडक उन्हात. पाणी कमी असलं तरी ऊन आपल्याकडे मार्चपासून मोजून घ्यावं इतकं असतं, त्याचा वापर करा. पावसाळ्यात कपडे घरात वाळवावे लागले तर शिवणींवरून गरम इस्त्री फिरवा. अर्धवट वाळलेली चड्डी कधीही घालू नका, या एका कारणानं जुलै-ऑगस्टमध्ये माझी विक्री वाढते.

चादरीचं अवघड. सोलापुरी चादर जाड, ती दर आठवड्याला धुणारं घर मी पाहिलेलं नाही. मग असं करा: ज्याला गजकर्ण आहे त्याची चादर वेगळी, तिला आतून जुन्या सुती साडीचं अस्तर लावा, अस्तर धुवा, चादर उन्हात टाका. एकाच चादरीत दोन पोरं झोपवू नका.

करदोरा हा नाजूक विषय आहे. काळा दोरा वर्षभर अंगावर असतो, रोज भिजतो आणि कधीच पूर्ण वाळत नाही. त्याच्या खाली कंबरभर गजकर्णाचा पट्टा असतो आणि लोक दोऱ्याच्या वरून मलम लावतात. काढायला घरची मोठी माणसं तयार नसतात. मी सांगतो, उपचारापुरता काढा, किंवा नवा बांधा, किंवा चांदीचा घाला. धाग्यात जेवढी ओल मुरते तेवढी चांदीत मुरत नाही. मनगटावरच्या दोऱ्यांचंही तेच.

घरात आणखी कुणाला खाजवतंय का, विचारा. लाजेनं कुणी आपणहून सांगत नाही. सुनेचं बरं झालं आणि सासूचं राहिलं, तर महिन्याभरात पुन्हा दोघींचं. सगळ्यांचे उपचार एकाच वेळी सुरू व्हायला हवेत.

मलमावर न थांबता डॉक्टरकडे कधी

चेहऱ्यावर, डोळ्याजवळ किंवा गुप्तांगावर चट्टा असेल तेव्हा. चट्टे अंगभर असतील तेव्हा, कारण इतक्या जागेला मलम पुरत नाही. पू, ताप, पायावर चढत जाणारी लाली आणि सूज असेल तर त्याच दिवशी. गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई आणि लहान बाळ यांच्यासाठी विचारल्याशिवाय काहीच नको. रक्त पातळ करायची वॉरफरिन घेत असाल तर मायकोनॅझोल घेण्याआधी सांगा, त्यानं वॉरफरिनचा परिणाम वाढू शकतो.

मधुमेहवाल्यांना मी चिखल्यांबद्दल दरडावूनच सांगतो. पायाला बधिरपणा असेल तर भेग पडलेली कळतही नाही, आणि त्या भेगेतून जंतू आत शिरून पाय सुजतो. चिखल्या त्यांच्यासाठी किरकोळ दुखणं राहत नाही. रोज रात्री बोटांच्या बेचक्या उजेडात बघायच्या, वाकता येत नसेल तर बायकोला बघायला सांगायचं.

आणि गोळ्या. बुरशीवर पोटातून घ्यायच्या इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल "आठ द्या" म्हणून मागणारे रोज येतात. या कॅप्सूलचे रक्तदाबाच्या, कोलेस्टेरॉलच्या, हृदयाच्या कितीतरी औषधांशी खटके उडतात. चिठ्ठी नसेल तर मी देत नाही, आणि यावरून माझी दोन-चार गिऱ्हाइकं तुटलीही आहेत.

नखं: इथं ट्यूब चालत नाही

नखाची बुरशी दुखत नाही, खाजत नाही, म्हणून माणूस चार-पाच वर्षं काढतो. नख पिवळट-पांढरं होतं, जाड होतं, टोकाखाली भुसा साठतो, कात्री चालत नाही. मग एक दिवस लग्नकार्य आलं की आठवण होते आणि अंगाची ट्यूब नखावर चोळणं सुरू होतं. नख हे केराटिनचं घट्ट पान. बुरशी त्याच्या खाली, मलम त्याच्या वर. वर्षभर चोळलं तरी गाठ पडत नाही.

आधी खात्री करा. बिघडलेल्या नखांपैकी निम्म्यांच्या आसपासच बुरशीची निघतात. बाकीची घट्ट बुटाच्या माराची, सोरायसिसची किंवा वयाची. वर्षभराच्या उपचाराला हात घालण्यापूर्वी नखाखालचा भुसा तपासून घेणं शहाणपणाचं. नखात काळी उभी रेघ नव्यानं उठून रुंद होत असेल तर तेही डॉक्टरला दाखवा.

धुण्याभांड्यांत हात असणाऱ्या बायकांचं एक वेगळं दुखणं असतं: नखाच्या कडेची कातडी सुजते, दुखते, नखापासून सुटते. ही बहुतेकदा पाण्यानं भिजलेल्या कातडीत शिरलेल्या कँडिडा नावाच्या बुरशीची करामत. इथं क्लोट्रिमॅझोलसारखं मलम त्या घडीत लावून उपयोग होतो, पण हात कोरडे राहिले तरच. रबरी हातमोज्यांच्या आत सुती हातमोजे घाला.

खरी नखाची बुरशी एक-दोन नखांच्या टोकाकडे असेल, अर्ध्याहून कमी नख बिघडलं असेल आणि मुळाकडचा भाग स्वच्छ असेल, तर नखाला लावायचा औषधी लॅकर चालतो. अमोरोल्फिन 5 टक्के, आठवड्यातून एकदा किंवा दोनदा. पद्धत अशी: नख कोमट पाण्यात भिजवा, कोरडं करा, सुटलेला भाग कापा. कानशीनं वरून घासून पातळ करा. स्पिरिटच्या बोळ्यानं पुसा. मग लॅकर नखभर लावा, टोकाच्या खालीही, आणि पाच मिनिटं वाळू द्या. ती कानस चांगल्या नखांना लावायची नाही, आणि उपचार चालू असताना वर नेलपॉलिशही नको. सायक्लोपिरॉक्स 8 टक्के असेल तर तो रोज लावतात आणि आठवड्यातून एकदा स्पिरिटनं सगळे थर काढून टाकतात.

मुळापर्यंत बुरशी गेली असेल किंवा चार-पाच नखं असतील, तर गोळ्यांशिवाय इलाज नाही. टर्बिनाफिन 250 मिलिग्रॅम रोज, हाताच्या नखांना सहा आठवडे, पायाच्यांना बारा, असा कोर्स डॉक्टर देतात, आणि त्याआधी यकृताची रक्ततपासणी करून घेतात.

औषध कुठलंही असलं तरी बिघडलेलं नख सुधारत नाही, ते पुढं सरकत जातं आणि मागून नवं येतं. हाताचं नख महिन्याला सुमारे 3 मिलिमीटर वाढतं, सहा महिन्यांत पूर्ण बदलतं. पायाच्या अंगठ्याचं महिन्याला एक-दीड मिलिमीटर, म्हणजे वर्ष ते दीड वर्ष. आरशात रोज बघून काही कळणार नाही. म्हणून पहिल्या दिवशी, चांगल्या आणि बिघडलेल्या नखाच्या सीमेवर कानशीनं एक बारीक आडवी रेघ ओढा आणि शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा. मग दर महिन्याच्या एक तारखेला पुन्हा एक. रेघ टोकाकडे सरकतेय आणि तिच्या मागं स्वच्छ नख येतंय, तर चाललंय ते बरोबर आहे. रेघेच्या मागं पिवळेपणा शिरतोय, तर डॉक्टर गाठा.

साखर पेठेतले एक निवृत्त मास्तर मला असे फोटो दर महिन्याला दुकानात येऊन दाखवतात. गड्ड्याच्या यात्रेत जानेवारीत सुरुवात केली त्यांनी. आता ऑक्टोबर चाललाय, रेघ अर्ध्याच्या पुढं आहे. परवा लॅकरची नवी बाटली नेताना म्हणाले, "अण्णा, पुढच्या गड्ड्याला सँडल घालून येतो बघ."

मी हिशोब केला. गड्ड्यापर्यंत तीन मिलिमीटर कमी पडतील. त्यांना उन्हाळ्याचं सांगितलंय.